पाठीची उशी आणि ‘विचारा’चं बटण

चौकशीचं टेबल (निदान शुक्रवारपर्यंत),
सोमवार, जेवणाची सुट्टी

तीर्थस्वरूप आत्या,

वाकून नमस्कार. (खरंच वाकले होते, पेन खाली पडलं म्हणून, पण नमस्कार त्यातच धरून घे.) गुडघा काय म्हणतो? जिना उतरायला लागलीस, की अजून गॅलरीतून दोरीला पिशवी सोडून भाजीवाल्याशी भांडतेस? भांडत असशील तर तब्येत उत्तम आहे असं मी समजते. गोळ्या वेळेवर घे. घरी सगळे बरे आहेत. ह्यांचा खोकला तसाच आहे, पण आता तो घरातलाच झाला आहे, ऐकू आला नाही तर चुकल्यासारखं होतं. माझं म्हणशील तर भूक लागते, झोप लागते, आणि तरीही परवापासून एक पेच असा पडला आहे की तो सुटायला तयार नाही.

आजच्या काळात कागदावर पत्र कशाला, असं तू विचारशील. तर फोन केला की ‘कामात आहे गं, नंतर बोलू’ म्हणून तू ठेवून देतेस. निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेल्या बाईला सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच असं कुठलं काम असतं, याचा उलगडा मला परवा शनिवारी झाला. ईमेल का केलं नाही तेही सांगणार आहे, पण क्रमाने. शेवटचं पान आधी उघडणाऱ्या वाचकाच्या हातातून पुस्तक काढून घ्यावं, हे तूच मला शिकवलंस. (तेव्हा हातातली पानं उलटी धरू नकोस. मी तुला ओळखते.)

एवढं मात्र आधी सांगते, म्हणजे माझ्यासारखाच तुझाही जीव टांगणीला लागेल. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता ग्रंथालय समिती बसते आहे, आणि चौकशीचं टेबल ठेवायचं की उचलायचं ते ठरणार आहे. हो, तुझंच टेबल. ज्याच्यामागे तू एकतीस वर्षं बसलीस आणि मी नऊ. उचललं तर त्या जागी एक उंच कुंडी येणार आहे आणि मी तळघरात जाणार आहे, जुन्या मासिकांची मोजणी करायला. आणि टेबल उचलायची कल्पना ज्या गोष्टीमुळे निघाली, ती गोष्ट मीच केली आहे. दुसऱ्या कुणी माझ्या पायावर धोंडा टाकला असता तर निदान भांडायला तरी माणूस मिळालं असतं.

तर झालं असं. आमचे ग्रंथपाल तुला आठवतातच. तुझ्या वेळी ते बांधणी विभागात होते आणि तू त्यांना डिंक म्हणायचीस, कारण एखादी कल्पना त्यांना चिकटली की सुटत नाही. ते गेल्या वर्षी एका परिषदेला जाऊन आले आणि येताना कल्पना घेऊन आले. वाचक ग्रंथालयात येत नाही ना, मग ग्रंथालयानेच वाचकाकडे जावं. कसं? तर वाचक दिवसभर ज्या ब्राउझरमध्ये डोकं घालून बसलेला असतो, त्याच्या वरच्या कडेला, पत्त्याच्या ओळीखाली, आपल्या ग्रंथालयाची एक पट्टी बसवायची. तिच्यात शोधायची चौकट. शेजारी ‘माझी पुस्तकं’ असं बटण, म्हणजे कुठलं पुस्तक कधी परत करायचं ते दिसेल. मग ‘घरून वाचा’, म्हणजे घरी बसून आपल्याकडची नियतकालिकं उघडता येतील. आणि इंटरनेटवर कुठेही पुस्तकाचं नाव दिसलं आणि ते निवडलं, की पट्टीने लगेच सांगायचं, हे आपल्याकडे आहे, दुसरा मजला, खिडकीकडची मांडणी. कल्पना वाईट नव्हती. मला ती आवडली, खरं दुखणं तिथूनच सुरू झालं. मी हात वर केला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या सात बैठकांबद्दल मी थोडक्यात लिहिणार आहे, कारण त्या थोडक्यात झाल्या नाहीत. पट्टी ही बोटभर रुंदीची वस्तू आहे हे कुणाच्या ध्यानातच येईना. प्रत्येक विभागाला स्वतःचं बटण हवं. भौतिकशास्त्राने एक मागितलं म्हणून भूशास्त्राने दोन मागितली. नकाशाघराला एक, संगीताला एक, बांधणी विभागाला ‘फाटलेलं पुस्तक कळवा’ हे एक. (त्यांचा कोपऱ्यात डिंकाची बाटली काढून मिळेल का असाही प्रश्न होता.) पाचव्या बैठकीत तेवीस बटणं झाली. आमच्या संगणक विभागातला टोपी (यंत्रांच्या गार खोलीत बसतो म्हणून बारा महिने लोकरीची टोपी घालतो, चाळिशीचा आहे, टोपीसकट पन्नाशीचा दिसतो) एक शब्द न बोलता उठला आणि त्याने ती पट्टी पडद्यावर लावून दाखवली. तीन मजली पट्टी! तिच्याखाली वाचायचं पान टपालपेटीच्या फटीएवढं उरलं होतं. सगळे खाली वाकून त्या फटीतून आत बघायला लागले, आणि भूशास्त्रवाले म्हणाले, दिसतंय की.

शेवटी मीच अठरा बटणं खोडली. त्या दिवसापासून अठरा माणसं माझ्याशी बोलत नाहीत, पण पट्टी पट्टीसारखी झाली. पाच बटणं उरली आणि त्यातलं एक मी भांडून ठेवलेलं होतं: ‘विचारा’. वाचक अडला की तो ते दाबणार, चौकटीत प्रश्न लिहिणार, आणि तो प्रश्न थेट चौकशीच्या टेबलावर, म्हणजे माझ्याकडे येणार. समितीच्या अध्यक्षा (भूशास्त्राच्या प्राध्यापिका, त्या माणसाकडेही कुठल्या थरातला आहे अशा नजरेने बघतात) म्हणाल्या, “कोण विचारणार आहे?” मी टेबलावर हात आपटून म्हटलं, “विचारतील!” आत्या, मी तुझ्यासारखंच बोलले. हातही तुझ्यासारखाच आपटला. दोन दिवस सुजला होता.

तीन आठवड्यांपूर्वी पट्टी चालू झाली. ग्रंथालयातल्या दोनशे बारा संगणकांवर, शिवाय मुलांच्या स्वतःच्या यंत्रांवर. मी सकाळी साडेदहाला केस नीट करून टेबलाशी बसले. पहिल्या दिवशी एकही प्रश्न आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मला, खरं सांगू, फार वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी ग्रंथपाल कागद नाचवत आले. अडतीस प्रश्न, अडतीस उत्तरं, आणि एका उत्तराला सरासरी अकरा मिनिटं! मी टोपीकडे बघितलं. टोपीने माझ्याकडे बघितलं. टोपीला वाटलं, उत्तरं मी देते आहे. मला वाटलं, टोपीने मला न सांगता हल्लीची ती आपोआप उत्तरं देणारी अक्कल पट्टीत बसवली. ग्रंथपालांना वाटलं, पट्टीच देते. आणि तिघांपैकी कुणीही तोंड उघडलं नाही. टोपीची बढती जवळ आली होती, मला माझं अज्ञान दाखवायचं नव्हतं, आणि ग्रंथपालांनी तोपर्यंत वरिष्ठांना कळवूनही टाकलं होतं.

आणि काय ती उत्तरं! मी एकेक दोन-दोनदा वाचत होते. एका मुलाने विचारलं होतं, परीक्षेला आठ दिवस राहिलेत, कुठलं एक पुस्तक वाचू? उत्तर: ‘एक नाही, दोन वाचावी लागतील. पहिलं पातळ आहे, म्हणून आधी तेच सांगते. दुसऱ्याची पहिली तीन प्रकरणं सोडा, लेखकाला स्वतःलाही ती नीट जमलेली नाहीत.’ एका मुलीने विचारलं होतं, ते हिरवं पुस्तक कुठे आहे? नाव नाही, लेखक नाही, नुसतं हिरवं. उत्तर: ‘पुन्हा बांधलं, आता तपकिरी आहे. तिसरा मजला, खालचा कप्पा.’ आणि प्रत्येक उत्तराखाली एक ओळ, पानांचे कोपरे दुमडू नयेत. ग्रंथपालांचे डोळे भरून आले. “किती संस्कारी यंत्र आहे,” म्हणाले. मी रोज घरी जाऊन ह्यांच्यापुढे त्या यंत्राला शिव्या घातल्या. माझ्यापेक्षा हुशार, माझ्यापेक्षा झटपट, आणि वर माझ्यापेक्षा शिस्तीचं. आत्या, मी एका बटणाचा मत्सर केला. आता लिहायला लाज वाटत नाही, कारण पुढे याहून लाजेचं आहे.

टेबलाकडे येणारी माणसं साठावरून चारावर आली. त्यातला एक जण पिण्याचं पाणी कुठे आहे ते विचारायचा. ग्रंथपालांनी हिशेब मांडला: पट्टी सगळ्यांना उत्तरं देते, मग टेबल कुणासाठी? गेल्या मंगळवारी एक सुतार मोजपट्टी घेऊन आला. मी बसलेली असतानाच त्याने टेबलाची लांबी घेतली, रुंदी घेतली, “बाई, जरा पाय” म्हणून माझ्या पायाखालूनही मोजलं. मग तो डावा खण ओढायला लागला. दोन्ही हातांनी ओढला, गुडघा लावून ओढला, खण ढिम्म. तो आधी वर उचलून मग ओढायचा असतो हे मी त्याला सांगितलं नाही. त्या दिवशी मला तेवढाच एक विजय मिळाला.

याच सुमारास तुझा फोन आला होता. (तू केलेला, दुपारी दीडला, दोन मिनिटांचा.) तू म्हणालीस, “तू पाठवलंस ते मिळालं हो. फार बरं केलंस. आता दिवस कसा जातो कळत नाही.” मी गारच झाले. मी तुला पाठीला लावायची उशी पाठवली होती. उशीने दिवस कसा जातो कळत नाही, म्हणजे काय उशी असेल! मी म्हटलं, आत्या, सवय झाली की आणखी आराम वाटेल. तू म्हणालीस, “आराम कसला, दमायला होतं, पण चांगलं दमायला होतं.” फोन ठेवल्यावर मी तीच उशी देवघेव विभागातल्या बाईंना सुचवली, ह्यांच्या बहिणीला सुचवली आणि स्वतःसाठीही मागवली. मला तिचा काहीच उपयोग वाटला नाही, पण मी म्हटलं, आपल्याला बसता येत नसेल.

आता शनिवार. अर्धा दिवस, वाचनकक्ष रिकामा. मी ठरवलं, एकदा या यंत्राला पाणी पाजायचंच. नकाशांच्या मांडणीमागे जो सात नंबरचा संगणक आहे तिथे जाऊन बसले, नाव न देता, संशोधक विद्यार्थिनी असल्याचं भासवून, ‘विचारा’ दाबलं. (आधी तीन ओळींत मी कोण, माझे मार्गदर्शक कसे कडक, वेळ कसा कमी, हे लिहिलं; उगाच संशय नको.) आणि सगळ्यात अवघड प्रश्न टाकला. विहिरींच्या पाहणीचा एक जुना अहवाल, मुखपृष्ठ नाही, लेखक माहीत नाही, तालिकेत नोंद नाही. हा अहवाल मागायला नऊ वर्षांत माझ्याकडे तिघं आली, आणि तिघांनाही मी ‘आपल्याकडे नाही’ म्हणून परत पाठवलं आहे. त्यातल्या एक म्हणजे समितीच्या अध्यक्षा. सहा वर्षं झाली, त्यानंतर त्या टेबलाकडे फिरकल्या नाहीत. मी मनात म्हटलं, आता बघू या यंत्राची हुशारी.

नऊ मिनिटांत उत्तर आलं. मी ते तुला जसंच्या तसं उतरवून पाठवते, तू लिहिलं असलंस तरी: ‘अहवाल आहे. शीर्षकपान नव्हतं म्हणून त्या वेळच्या समितीने नोंद करू दिली नाही. तळमजला, नकाशांच्या कपाटामागे, खाकी पुठ्ठ्यात. अशा बेवारस पुस्तकांची हाताने लिहिलेली यादी चौकशीच्या टेबलाच्या डाव्या खणात, तळाला अंथरलेल्या कागदाखाली आहे. खण आधी वर उचलून मग ओढायचा. तिथल्या बाईंना सांगा. त्यांना यादी दाखवली होती, पण त्या तेव्हा गडबडीत होत्या. पानांचे कोपरे दुमडू नयेत.’

तिथल्या बाई म्हणजे मी. मी उठले, टेबलापाशी गेले, खण उचलून ओढला. नऊ वर्षं त्या खणात माझा डब्याचा चमचा, सेफ्टी पिना आणि सर्दीच्या गोळ्या पडलेल्या होत्या. त्या बाजूला केल्या, खालचा कागद उचलला. तुझं निळ्या शाईतलं अक्षर. दोनशे चौदा पुस्तकं, एकेक ओळीत, कुठे ठेवलं आहे, कुणी मागितलं होतं, कुणाला लागेल. मग तळमजल्यावर जाऊन खाकी पुठ्ठ्यातला अहवाल काढून आणला आणि पदराने पुसून टेबलावर ठेवला. आत्या, मला फार लाज वाटली. तू निरोपाच्या दिवशी यादी दाखवत होतीस आणि मी सारखी घड्याळाकडे बघत होते, कारण केक कापायचा राहिला होता.

मग टोपीकडे धावले. “‘विचारा’ कुठे जातं?” म्हटलं. तो म्हणाला, “तुम्ही दिलेल्या पत्त्यावर.” मी म्हटलं, मी कुठला दिला? त्याने पडदा माझ्याकडे वळवला. तुझा पत्ता! आणि मग एकेक आठवायला लागलं. पट्टी तयार होत असताना त्याने मला सांगितलं होतं, चाचणीसाठी एखादा पत्ता द्या, असा की तिथून त्याच दिवशी हमखास उत्तर येईल. मी विचार केला. ग्रंथपालांचं उत्तर तीन आठवड्यांनी येतं, देवघेवीतून येतच नाही, आणि माझ्या स्वतःच्या पेटीत अकराशे पत्रं न उघडलेली. अशी एकच व्यक्ती मला माहीत होती. टोपीने चाचणी म्हणून पाठवलं, ‘ही चाचणी आहे, कृपया उत्तर देऊ नये.’ सहा मिनिटांत तुझं आलं, ‘उत्तर नको असेल तर विचारू नये.’ टोपी खूश झाला, मी खूश झाले, आणि ‘चाचणी झाली की पत्ता बदलणे’ अशी चिठ्ठी लिहून मी जपून ठेवली. ती शनिवारी माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात सापडली. उत्तरं वाचकाला ग्रंथालयाच्या नावाने जातील अशी सोय टोपीने केलेली, त्यामुळे तुझं नाव कुठे दिसलंच नाही. मला धांदल हे नाव तू पाच वर्षांची असताना ठेवलंस (म्हणजे मी पाच वर्षांची असताना, बघ, इथेही तेच), ते काही उगीच नाही.

तेव्हा तू उशीबद्दल बोलत नव्हतीस.

टोपी म्हणाला, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आत्ता बदलून टाकतो. त्याचं बोट कळीवर होतं. मी त्याचं मनगट धरलं. (तो घाबरला. टोपी काढून पुन्हा घातली.) कारण मला गेल्या वर्षीची तू आठवलीस, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरची, खिडकीशी बसलेली. तू म्हणाली होतीस, “आता मला कुणी काही विचारत नाही गं. औषधवालासुद्धा ‘नेहमीचंच ना?’ म्हणून पुडकं बांधतो.” मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि उशी शोधायला लागले. आणि गेले तीन आठवडे तुला रोज चाळीस माणसं विचारताहेत, आणि तू चाळीस जणांना सांगते आहेस, आणि ‘कामात आहे’ म्हणताना तुझा आवाज किती टवटवीत असतो! हे मी एक पत्ता बदलून बंद करू?

पण पत्ता बदलू नये, तर शुक्रवार उभा आहे. त्या दिवशी अध्यक्षा सगळ्यांसमोर स्वतः ‘विचारा’ दाबणार, हातात घड्याळ घेऊन बसणार, आणि दहा मिनिटांत उत्तर आलं की टेबल उचलायच्या कागदावर सही करणार. तुझं उत्तर सात मिनिटांत येईल हे मला ठाऊक आहे. म्हणजे तुझं टेबल तू स्वतःच उचलवणार, आणि तुला ते कळणारही नाही. खरं सांगून टाकावं, तर विद्यार्थ्यांची पत्रं बाहेरच्या व्यक्तीकडे पाठवली म्हणून माझी चौकशी होईल, आणि ती करायला चौकशीचं टेबलही नसेल. ग्रंथपालांनी वरिष्ठांना ‘स्वयंचलित’ असं लिहून दिलं आहे, त्यांचं काय होईल ते वेगळंच. शनिवारपासून मी हे असं उलटसुलट करते आहे. आज सकाळी भातात मीठ दोनदा घातलं.

असो. बाकी सर्व क्षेम आहे. हवा बरी आहे. तब्येतीला जप, डोळ्यांना ताण देऊ नकोस. (तो तुला कशाने पडतो हे आता मला माहीत आहे.)

तुझी,
धांदल

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. शुक्रवारी अकरा ते साडेअकरा या अर्ध्या तासात तू कुठल्याही प्रश्नाला उत्तर देऊ नकोस. एवढंच मागणं आहे. चहा कर, झाडांना पाणी घाल, भाजीवाल्याशी भांड. पट्टी एकदा गप्प बसली की टेबल वाचतं. ईमेल केलं नाही ते यासाठी, की तुझ्या पेटीत चाळीस जणांच्या रांगेत ते एकेचाळिसावं झालं असतं, आणि तू भाचीलासुद्धा रांग मोडू देणार नाहीस.

दुसरा ता. क. वरचं खोडलं असं समज. (शाईने खोडलं तर कागद फाटतो, हा कागद हलका आहे.) ज्या बाईने एकतीस वर्षांत एकही प्रश्न अनुत्तरित ठेवला नाही, तिला मी गप्प बस सांगते आहे! त्यापेक्षा तूच ये. जिना कसा उतरशील याची काळजी नको, टोपी आणि मी खुर्ची घेऊन येतो, तुला बसवून खाली आणतो. त्याने होकार दिला आहे. मग माझी चौकशी झाली तर झाली. तळघरात निदान गारवा आहे.

तिसरा ता. क., त्याच दिवशी, पाचला दहा कमी. पाकीट चिकटवलं आणि टपालात टाकायचा धीर होईना. पुन्हा सात नंबरवर गेले. नाव न देता विचारलं, चुकून एखाद्याला काम दिलं आणि ते त्याला आवडलं, तर खरं कसं सांगावं? (आधी थोडी पार्श्वभूमी दिली, समिती, टेबल आणि खुर्चीसकट.) या वेळी उत्तराला एक तास चाळीस मिनिटं लागली. तू लिहिलंस, ‘धांदल, तुझ्या आधी बावीस जण होते. प्रश्नाआधी एवढी प्रस्तावना लिहिणारं माणूस दादा गेल्यापासून जगात एकच उरलं आहे. शनिवारीही तूच होतीस. ही चूक आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं, तू मुद्दाम एवढं नीट काही करशील असं वाटलं नाही. सांगितलं नाही, कारण तू लगेच बदललं असतंस; फोनवर बोलले तेही तू उशीवर घेतलंस, म्हणून घेऊ दिलं. तुमच्या अध्यक्षांनी, शुक्रवारी अकराच्या समितीची तालीम असं नावानिशी लिहून, आज सकाळीच विचारून पाहिलं, विहिरींचा अहवाल. त्यांना कळवलं आहे की हे उत्तर पट्टीत मावणारं नाही, चौकशीच्या टेबलापाशी जा, आणि शुक्रवारी अकराला मीही तिथे आहे. खुर्ची आणू नका. एकाने गुडघ्याच्या व्यायामाचं पुस्तक विचारलं होतं, सांगायचं म्हणून मी ते आधी वाचलं, आणि वाचलं म्हणून करून पाहिलं. गेल्या बुधवारपासून जिना उतरते आहे. उशी फार कडक आहे, येताना परत आणते. पानांचे कोपरे दुमडू नयेत.’

तेव्हा या पत्राचा आता काही उपयोग नाही. तरी पाकीट फोडून हा कागद आत घालते आणि पाठवते, लिहिलेला कागद टाकून देऊ नये असं तूच म्हणतेस. अध्यक्षा आत्ताच टेबलापाशी येऊन गेल्या, सहा वर्षांनी. हातात तुझ्या उत्तराचा कागद होता. मी खाकी पुठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उघडला, दोन पानं वाचली, माझ्या खांद्यावरून मागे कुणी आहे का ते बघितलं, आणि एवढंच विचारलं, “तुमची पट्टी शुक्रवारी कुठल्या खुर्चीवर बसते?” मी डाव्या खणाजवळची दाखवली. ती पुसून ठेवली आहे, उशी न लावता.